बदक ठेवलंय म्हणे!

ऐकलंत का? सांगलीत, विश्रामबागेतल्या एका चांगल्या, खात्यापित्या घरानं बदक ठेवलंय. कापायला नव्हे, पाळायला. दुसऱ्या मजल्यावर, फ्लॅटमध्ये, नातवाच्या आंघोळीच्या टबात! मी ही गोष्ट पोटातच ठेवणार होते, खरंच ठेवणार होते. पण त्याच संध्याकाळी साताऱ्याहून वन्संचा फोन आला. आधी पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते हं. आमच्या समोरच्यांनी बदकं आणलीत. दोन! काका सकाळी गच्चीवर जाऊन 'उठलात का रे बाळांनो' म्हणतात. सुनेला आजवर कधी विचारलं नाही, चहा झाला का म्हणून."

म्हणजे प्रकरण दोन्ही जिल्ह्यांत पसरलंय तर.

तसं आमच्या मुलखाला जनावरांचं वेड नवं नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ च्या डिसेंबरात बैलगाडी शर्यतींना वाट मोकळी करून दिली, तेव्हा ज्यांच्या दारात शेळीसुद्धा नाही तेही छाती काढून फिरत होते. त्याच्या आदल्या वर्षी आटपाडीकडच्या एका माडग्याळ जातीच्या मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं दिला नाही. दीड कोटी म्हणाला. बाहेरच्यांनी तोंडात बोटं घातली; आम्ही नाही घातली. ते बाकदार नाक एकदा जवळून बघा, मग बोला. इमू येऊन गेला. त्याच्या तेलाला भाव, मांसाला भाव, कातड्याला भाव. फक्त घ्यायला कुणी नाही, म्हणून २०१२ च्या सुमारास तो माणसाएवढा पक्षी पोसता पोसता लोक टेकीला आले. मग झाबुआचा कडकनाथ आला. २०१८ ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१९ ला इस्लामपुरातून ते कडकनाथ प्रकरण उठलं. "पिल्लं आमची, खाद्य आमचं, पक्षी आम्हीच परत घेऊ" म्हणत पैसे गोळा झाले, आणि सांगली, सातारा, कोल्हापूरचे शेतकरी शेवटी पोलीस ठाण्याच्या पायरीवर दिसले.

पण या सगळ्या वेडांत पैसा होता. नसला तरी पैशाचं स्वप्न होतं. बदकवाल्यांचं तसं नाही. त्यांना त्या पक्ष्याकडून काहीही नकोय, आणि खरा धक्का हाच आहे. शर्यत नाही, मटण नाही, धंदा नाही. नुसतं त्यानं डुलत डुलत मागं यायचं आणि यांनी "आली गं माझी बाय" म्हणायचं. मोबाइलवर कुणीतरी टोपी घातलेलं बदक दाखवलं, आणि आमच्याकडची शहाणीसुरती माणसं बाजाराच्या दिवशी पिल्लांच्या डालग्याजवळ उकिडवी बसली.

आणि आणल्यावर काय घातलं खायला? दूध-पाव! विश्रामबागेतल्या काकूंनी पहिल्या रात्री वाटीभर दुधात पाव कुस्करून पुढं ठेवला. पावानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. दूध तर पक्ष्याला पचतच नाही. दुसऱ्या दिवशी आल्यागेल्यांनी भडंग घातलं. सांगलीत पाहुण्याला भडंग देतात हे मान्य, पण तेल, मीठ, तिखट, लसूण असा सगळा जामानिमा बोटभर पिल्लाला? साताऱ्याच्या काकांनी याच्यावर कडी केली. त्यांनी कंदी पेढा घातला. आणि बेंदराला, वन्सं शपथेवर सांगतात, बैल नाही म्हणून बदकांना ओवाळून पुरणपोळीचा घास दिला. वर शिंगं रंगवायला नाहीत म्हणून हळहळले.

चौथ्या दिवशी काकू पशुखाद्याच्या दुकानात गेल्या. तिथला संवाद मला जसा कळला तसा देते.

"बदकाचं खाद्य द्या."

"कोंबडीचं हाय. गाईचं हाय. माशाचं बी हाय. बदकाचं म्हंजे काय ओ मावशी?"

दुकानदार खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे बदकाचं म्हणून वेगळं पोतं सहसा मिळत नाही. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर घ्यायचं, तेही औषध न मिसळलेलं. पण तिथं एक गोम आहे. बदकाच्या पिल्लाला नियासिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा दीड-दोन पट लागतं. ते कमी पडलं की पाय कमानीसारखे वाकतात, पिल्लू बसून राहतं, आणि घरचे म्हणतात दृष्ट लागली. मका घालून ही उणीव भरत नाही. मक्यातलं नियासिन असं बांधलेलं असतं की पोटात जाऊनही हाती लागत नाही. त्यापेक्षा खाद्यात थोडं यीस्ट मिसळावं, तांदळाचा कोंडा घालावा, मटार ठेचून द्यावेत. हे सगळं आता काकू भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात. परवा मटार निवडताना त्या म्हणाल्या, "हे तिचे, आपल्याला फ्लॉवर करते." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम खाद्य पुरतं. गहू, ज्वारी, मका भरडा चालतो, पालेभाजी चालते, गांडूळ आणि गोगलगाय म्हणजे तर मेजवानी. अ‍ॅझोला नावाची पाणवनस्पती एखाद्या टाकीत वाढवून घालता येते. तासगावकडची द्राक्षं मधून कापून दोन-चार दिली तर हरकत नाही. अंड्यावरच्या कोंबडीचं चुनखडी घातलेलं लेयर खाद्य मात्र पिल्लांना घालायचं नाही, कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. कांदा आणि अ‍ॅव्होकॅडो लांब ठेवा. अ‍ॅव्होकॅडो आमच्याकडे कोण आणतंय म्हणा. पण बदक आणणारे उद्या तेही आणतील.

आता थोडं गंभीर बोलते, मग पुन्हा चहाड्या. आमच्याकडे माळ्यावर एक पोतं असतंच. गेल्या साली आणलेल्या मक्याचं, नाहीतर शेंगपेंडेचं. पावसाळ्यात ते जरा वास मारायला लागतं, आणि आपण काय म्हणतो? "टाकायचं कशाला, जनावर खाईल." १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्या पटापट मरायला लागल्या. लाखावर मेल्या. रोग सापडेना, तेव्हा त्याला नुसतं एक्स रोग म्हणाले. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या बुरशी धरलेल्या शेंगपेंडेपाशी. त्या बुरशीच्या विषाला पुढं अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. आणि ते विष कुणाला सगळ्यात लवकर बाधतं? बदकाच्या पिल्लाला. इतकं, की त्या काळी खाद्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत एका दिवसाची बदकाची पिल्लंच वापरायचे. तेव्हा माळ्यावरचं पोतं उतरवाल तर गाठ माझ्याशी आहे. पेढा एकवेळ परवडला.

असो. पाण्याकडे येते, कारण खरी भांडणं पाण्यावरून आहेत.

सांगलीकराला पाण्याची पातळी फुटात सांगायची सवय. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. पुराची थट्टा करत नाही. २०१९ ला सत्तावन्न फूट बघितलेलं शहर आहे हे. पण हल्ली काकूंच्या घरात पातळी इंचात मोजतात. "तीन इंच झालंय, चार कर." कारण बदकाला पाणी नुसतं प्यायला नको असतं, चोच, नाकपुड्या, डोळे बुडतील एवढं खोल लागतं, नाहीतर नाकात खाद्य साचतं आणि डोळे चिकटतात. शिवाय घास घेतला की लगेच पाणी, पाणी घेतलं की पुन्हा घास. कोरडं पीठ पुढं आणि पाणी लांब ठेवलंत तर घशात अडकायचं. म्हणून दोन्ही भांडी जवळ, आणि दोन्हींच्या मध्ये अर्ध्या तासात चिखल. टब सकाळी भरावा, दुपारी त्यात ताक दिसावं. हे पाणी काकू गॅलरीतल्या कुंड्यांना घालतात, झाडं जोरात आहेत. खालच्या मजल्यावरच्यांचं मत वेगळं आहे, कारण कुंडीला भोक असतं.

आणि डायपर! बदकासाठी डायपर मिळतात, ऑनलाइन, फुलाफुलांचे. बदकाला शी धरून ठेवता येत नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी कार्यक्रम. हे ऐकल्यावर वन्सं फोनवर इतका वेळ काही बोलल्या नाहीत की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरांना नव्हते हो."

पोहण्याचंही तसंच. लोकांना वाटतं बदक म्हणजे पाण्यातलं, टाका टबात. आईशिवाय वाढणारं पिल्लू मऊ लवीतच असतं; पाणी अंगात शिरतं, गारठतं, बुडतंसुद्धा. पहिल्या आठवड्यात त्याला बत्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. खोक्यावर बल्ब सोडायचा आणि पिल्लांकडे बघायचं. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली तर उकडतंय. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. भाताचं तूस घाला आणि ओलं झालं की बदला. पूर्ण पिसं यायला सात-आठ आठवडे जातात. तोवर पाण्याचं कौतुक आपल्या डोळ्यांदेखत आणि दोन-पाच मिनिटांचं.

साताऱ्याच्या काकांच्या मित्रांनी सल्ला दिला, "उन्हाळ्यात सांगलीला धाडून द्या की, कृष्णेत मनसोक्त पोहतील." कृष्णेत! भिलवडी-औदुंबरापासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे या गृहस्थांच्या कानावर नसावं. आमच्याकडे घाटावर धुणं धुणारी बाईसुद्धा एकदा पाण्याकडे बघून मग खाली बसते. शहरात मगर नाही, पण मुंगूस आहे, बोका आहे, रात्रीची कुत्री आहेत. बदकाला झाडावर उडून बसता येत नाही, म्हणून दिवेलागणीला आत घेऊन कडी लावायची. नुसती जाळी पुरत नाही. मुंगूस हातभर बिळातून येतं.

आता जरा दार लावून घ्या, कारण पुढचा भाग मुलांसमोर बोलायचा नाही.

काकूंनी बदकाचं नाव ठेवलं लक्ष्मी. का, तर अंडी देईल. चार महिने झाले, लक्ष्मी ओरडेना. घसा बसल्यासारखा नुसता फुसफुस आवाज. हळदीचं पाणी झालं, तुळस झाली, शेवटी पशुवैद्यांकडे नेलं. डॉक्टरांनी घशाकडे बघितलंच नाही. त्यांनी शेपटी बघितली. शेपटीच्या मुळाशी वर वळलेली, चांगली कुरळी दोन पिसं. "नर आहे," डॉक्टर म्हणाले. बदकांत मोठ्यानं पकपकते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका. (आमच्या घरी उलट आहे असं काही म्हणू नका, सगळ्यांच्याच घरी सगळं माहीत आहे.) काकूंनी नाव बदललं नाही. लक्ष्मी ती लक्ष्मी.

पण खरा गोंधळ डॉक्टरांच्या पुढच्या वाक्यानं झाला. एकटं बदक ठेवू नका, ते झुरतं. आणि नर असेल तर त्याला एक मादी पुरत नाही, चार-पाच लागतात, नाहीतर एकीलाच बोचून बोचून बेजार करतो. हे काकांनी घरी येऊन मोठ्यानं सांगितलं. आजी जपमाळ घेऊन आत गेल्या. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींना इतिवृत्तात काय लिहावं कळेना. त्यांनी "इतर विषय" लिहिलं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं दोन माद्या आणाव्यात, हे सगळ्यात सुटसुटीत आणि अब्रूदार.

एकटं बदक मग माणसाच्या मागं लागतं. कोनराड लोरेन्झ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले, १९७३ ला नोबेल मिळालं. अंड्यातून निघालेली पिल्लं पहिल्यांदा ज्याच्यामागं लागतात त्यालाच आई मानतात, हे त्यांनी दाखवलं. रानबदकाच्या पिल्लांची आई व्हायचं तर नुसतं दिसून भागेना, ओरडावंही लागतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग हा दाढीवाला गृहस्थ ऑस्ट्रियातल्या आपल्या बागेत, उंच गवतातून उकिडवा सरकत, अखंड पकपक करत फिरत होता. पिल्लं गवतात झाकलेली. मान वर केली तर कुंपणापलीकडे माणसांची रांग, पांढऱ्याफटक चेहऱ्यांची. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा विश्रामबागेतले काका जिन्यातून "पक पक" करत उतरले तर हसू नका. फक्त त्यांच्या वाट्याला नोबेल येईलसं वाटत नाही.

आणि तुम्हाला वाटत असेल आपण त्यांच्यावर नजर ठेवून आहोत, तर ऐका. रानबदकांच्या झोपेचा अभ्यास झालाय. कळपाच्या कडेला झोपलेलं बदक अर्धा मेंदू झोपवतं, अर्धा जागा ठेवतं, आणि बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा. अगदी आमच्या पहिल्या मजल्यावरच्या मावशींसारखं.

जात विचारली की मात्र मालक फुशारतात. पांढरं शुभ्र असेल ते पेकिन, मूळ चीनचं. भुरं असेल ते खाकी कॅम्पबेल. इंग्लंडातल्या कॅम्पबेलबाईंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर तयार केलं, फौजेच्या कपड्याच्या रंगावरून खाकी म्हटलं, आणि त्याची मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. उबवायला मात्र बसत नाही, म्हणून खेड्यात तिची अंडी कोंबडीखाली ठेवतात. अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं निघतात आणि पाणी दिसताच उड्या टाकतात. मग काठावर ती कोंबडी जो आकांत मांडते तो बघवत नाही. साताऱ्याचे काका आपल्या पेकिनला राजहंस म्हणतात. हा दोष गदिमांकडे जातो. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या माणसानं बदकांच्या पिल्लांचं ते गाणं लिहिलं, सांगलीत जन्मलेल्या आशाताईंनी गायलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांच्या मनात बसलं की राजहंस तेवढा भारी, बाकीची बदकं कुचकट. बदकांची बाजू कुणी मांडलीच नाही.

एक मात्र हसण्यावारी न्यायचं नाही. मायणी, येरळवाडीच्या तलावांवर रानबदकं दिसतात. पिवळ्या टोकाच्या चोचीवर लाल ठिपके मिरवणारं हळदी-कुंकू बदक, थंडीतले भगवे चक्रवाक. कुणाच्या तरी डोक्यात येतंच की विकत कशाला, तिथलंच अंडं उचलू. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानबदक पाळणं गुन्हा आहे. तिथं सोसायटीचे सेक्रेटरी येत नाहीत, वनखातं येतं.

आता ताजी बातमी. परवा काकूंच्या दारात एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत पत्रकं. बदकपालन! वीस जोड्या घ्या, खाद्य आमचं, अंडी आम्हीच उचलू, एका पक्ष्यामागं वर्षाला तीनशे अंडी. काका एकदम ताठ बसले; त्यांच्या मेव्हण्यानं कडकनाथ केला होता. काकूंनी मात्र त्याला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, पावसाळ्यात तुमच्या खाद्याला बुरशी आली तर? नियासिनचं काय करता? त्यानं पत्रक उलटंसुलटं केलं. तेवढ्यात लक्ष्मी टबातून उतरली, पंख झाडले, त्याच्या बुटांवर पाणी उडवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली, कुरळी पिसं वर करून.

"ही आमची लक्ष्मी," काकू म्हणाल्या. "बघा नीट."

त्यानं नीट बघितलं. "वा, तब्येत मस्तच आहे," तो म्हणाला. "हिचीसुद्धा अंडी उचलू की, मावशी!"